लोणच्याच्या बरणीतली वीज

कुडपण, २१ जून १९९८

ती. आप्पा,

नमस्कार. आशीर्वाद द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा; नमस्कार मात्र परत पाठवायची सोय पोस्टात नाही.

कारण घडलं म्हणून लिहितेय, नाहीतर मीही तुमचीच मुलगी आहे. ओंकारशी लग्न केलं तेव्हापासून, म्हणजे गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून, तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. "पुण्याची पीएच.डी. सोडून डोंगरावरच्या जीपवाल्याच्या घरी जातेस, तर तिथेच राहा," हे तुमचं शेवटचं वाक्य. मी आज्ञाधारक आहे. इथेच राहिलेय, आणि बरी आहे.

तर कारण असं. पोलादपूरच्या ज्युनियर कॉलेजात मला फिजिक्स शिकवायची नोकरी लागली. रोज सकाळी ओंकारच्या जीपमधून घाट उतरते, संध्याकाळी त्याच्याच जीपमधून वर येते. बारावीचा पहिला धडा स्थितिक विद्युत. मी मोठ्या तोऱ्यात कंगवा केसांवर घासला, कागदाच्या कपट्यांजवळ नेला आणि वर्गाकडे पाहिलं. कपटे जागचे हलले नाहीत. पुन्हा घासला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कागद झोपलाय." वर्ग फिदीफिदी हसला. बाहेर धो धो कोसळत होता, भिंतींना ओल आलेली, माझी वेणीसुद्धा दमट. प्रभार कंगव्यावर टिकणार कुठून?

त्या क्षणी तुम्ही डोळ्यांसमोर उभे राहिलात. आमच्या आठवीच्या वर्गात, ऐन आषाढात, काचेची कांडी रेशमी कापडावर घासून घासून तुम्ही घामाघूम झालात. तुम्ही स्वतः बनवलेला तो सुवर्णपत्र विद्युतदर्शी टेबलावर मख्ख उभा होता. प्रभार मिळाला की आतल्या दोन सोनेरी पानांनी एकमेकांपासून दूर व्हायचं, तर ती बहिणी-बहिणींसारखी बिलगून राहिली. शेवटी तुम्ही घाम पुसून म्हणालात, "पावसात हा प्रयोग होत नाही, हे मान्य करा आणि आकृती काढून घ्या." परवा मीही वर्गाला शब्दशः तेच सांगितलं. मग घरी येऊन एकटीच हसत बसले.

असो. एक शंका होती. दोन प्रभार जवळ आणले की त्यांच्या क्षेत्ररेषा मध्ये कुठेतरी एकमेकींना छेदतात, असं मी मुलांना सांगितलंय. बरोबरच असणार. तरी म्हटलं विचारून ठेवावं.

आई, हे पत्र तू मोठ्याने वाचत असशील आणि आप्पा पेपर पुढ्यात धरून ऐकत नसल्यासारखं दाखवत असतील. शंकेचा भाग जरा खणखणीत वाच.

मैथिली

*

महाड, ३० जून १९९८
(पोस्टकार्ड)

क्षेत्ररेषा एकमेकींना कधीही छेदत नाहीत. छेदल्या तर त्या बिंदूशी बलाला दोन दिशा येतील, आणि एकाच प्रभाराला एकाच वेळी दोन दिशांना जाता येत नाही. वर्गासमोर दुरुस्ती सांगावी.

र. शं. वैशंपायन

*

कुडपण, १२ जुलै १९९८

ती. आप्पा,

तुमचं कार्ड पोचलं. वर मायना नाही, खाली शाळेच्या नोटिशीखाली असते तशी सही. पण अक्षर तेच, 'क्ष'ला ऐटबाज वळण देणारं. पोस्टमनने ते चिखलातून वर आणलं, त्याला मी गुळाचा चहा पाजला. ओंकार म्हणाला, "सासऱ्यांचं पहिलं पत्र आहे, देवाजवळ ठेव." मी म्हटलं, "अरे, ह्यात माझी चूक दाखवलीय." तर म्हणतो, "मग काय झालं? पत्र तर आहे ना."

दुरुस्ती वर्गात सांगितली. "माझे वडील म्हणतात," अशी सुरुवात केली. अंकिता नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या वडलांनाच आणा की शिकवायला." मी म्हटलं, बघू.

इकडे नाचणीची लावणी झाली. मीही उतरले. तुम्ही एकदा म्हणाला होतात, मुलगी शिकवली ती चिखलात उभी करायला नाही. आप्पा, चिखलात उभं राहायला मजा येते हो. माझ्या रांगा वाकड्या गेल्या. माझे सासरे कुशाबा बांधावरून ओरडत होते, "सूनबाय, नाचणी हाय ती, नागीन नाय! सरळ लाव गो!" सगळं शिवार हसलं. सासूबाई, ठकूबाई, मात्र माझ्या बाजूने होत्या. त्यांनी माझी वाकडी रांग मागून येऊन गुपचूप सरळ केली.

एक विचारायचं राहिलं. जिथे विभव शून्य, तिथे विद्युत क्षेत्रही शून्यच असणार, नाही का? जिथे काहीच नाही तिथे काय असणार, असं मी मुलांना समजावलं. सगळ्यांना पटलं.

तुम्ही उत्तर द्यावं असा मुळीच आग्रह नाही.

मैथिली

*

महाड, २० जुलै १९९८
(पोस्टकार्ड)

सगळ्यांना पटले म्हणून बरोबर ठरत नाही. समान धन आणि ऋण प्रभारांच्या बरोबर मध्ये विभव शून्य असते. क्षेत्र तिथे चांगले जोरात असते. शून्य विभव म्हणजे 'काहीच नाही' नव्हे. एम.एस्सी. झालेल्या व्यक्तीकडून हे अपेक्षित नाही.

र. शं. वैशंपायन

*

कुडपण, ६ सप्टेंबर १९९८

ती. आप्पा,

'व्यक्तीकडून' वाचून ओंकार खो खो हसला. "तू निदान व्यक्ती तरी झालीस," म्हणाला. मीही हसले, पण शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अपेक्षित नाही म्हणजे अजून काहीतरी अपेक्षा शिल्लक आहे, असा मी अर्थ काढला. चुकीचा असेल तर कळवा.

ह्या महिन्यात विभवांतर शिकवलं. पुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहिली तर पोरं माझ्याकडे बघतच राहिली. मग मी म्हटलं, पोलादपुराहून कुडपणला यायचंय. ओंकारदादाच्या जीपने वळणं घेत घेत या, नाहीतर गावातल्या गोमाजीच्या गुरांच्या पायवाटेने धापा टाकत सरळ चढा. चढ किती चढलात? एकच. रस्ता कुठला घेतला ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही; खाली कुठे होतात आणि वर कुठे पोचलात, एवढंच बघायचं. प्रभाराचंही तसंच. अंकिताने लगेच विचारलं, "मंग जीपनं दमायला का नाय होत?" म्हटलं, काम जीप करते म्हणून. कोणीतरी केलंच पाहिजे. घरी आल्यावर ओंकारला सांगितलं तर तो जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "ऐकलंस का गं, तू फिजिक्समध्ये आलीस."

आता जाता पावसाळा, विजा कडकडतात. घाटात मुलं घाबरली तर काय सांगू? एस.टी.वर वीज पडली तर आतली माणसं भाजून निघणार, असं सांगितलं तर फारच घाबरतील. पण खरं ते खरं.

मैथिली

*

महाड, १७ सप्टेंबर १९९८
(पोस्टकार्ड)

पायवाटेचे उदाहरण बरे आहे.

एस.टी.ची गाडी म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावरून जातो, आतले उतारू सुखरूप राहतात. मुलांना विनाकारण घाबरवू नये.

र. शं. वैशंपायन

*

कुडपण, ४ ऑक्टोबर १९९८

ती. आप्पा,

बरे आहे! तुम्ही 'बरे आहे' लिहिलंत! शाळेत असताना तुमच्या हातून माझ्या वहीवर कधी 'ठीक'च्या वर शेरा पडला नाही. कार्ड घेऊन मी अंगणातून घरात आणि घरातून अंगणात नुसती फिरत होते. सासूबाईंना वाटलं कोणी तरी गेलं. "काय झालं गो? कोन हाय?" मी म्हटलं, "आई, आप्पांनी बरे आहे म्हटलंय." त्या म्हणाल्या, "आगो, मंग त्यात काय? माजा पोरगा बी बरा हाय, तू बी बरी हाय." आणि चुलीकडे वळल्या.

दिवाळीला या. नुसतं म्हणतेय, आग्रह नाही. महाडात संध्याकाळी चवदार तळ्याला जेवढ्या फेऱ्या मारता तेवढ्यात तर इथे पोचाल. आई, तू तरी मनावर घे.

शंका अशी की, वाहकाच्या पोकळीत प्रभार ठेवला, तर...

जाऊ दे. शंका पुढच्या वेळी. आज फार खुशीत आहे, शंका सुचत नाहीये.

मैथिली

*

महाड, १८ नोव्हेंबर १९९८
(पोस्टकार्ड)

क्षेत्ररेषांचा प्रश्न तू दहावीत माझ्यासमोर फळ्यावर सोडवला होतास. शून्य विभवाचा बारावीत. पोकळ वाहकाचा बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत, आणि बाहेरच्या परीक्षकांची कशी जिरवली ते घरी येऊन दोन तास सांगितलेस.

शिक्षकाने मुद्दाम चुका करू नयेत. सवय लागते. यापुढे उत्तर देणार नाही.

र. शं. वैशंपायन

*

कुडपण, २० डिसेंबर १९९८

ती. आप्पा,

पकडली गेले. महिनाभर लिहायचं धाडस झालं नाही. काय लिहिणार? तुमच्यासमोर चुकीचं फिजिक्स टाकलं की तुम्ही गप्प राहू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला तुम्ही उत्तर दिलं नसतंत. म्हणून तीनदा गळ टाकला आणि तीनदा तुम्ही तो गिळलात. राग आला असेल तर येऊ दे. मला तुमच्याशी बोलायचं होतं आणि दुसरा रस्ता सापडत नव्हता. आप्पा, तुमच्याशी भांडल्याशिवाय मला धडा नीट शिकवताच येत नाही. रोज वर्गात उभी राहिले की वाटतं, मागच्या दाराशी हाताची घडी घालून तुम्ही उभे आहात. मग वळून पाहते, तर तिथे शिपाई.

तुम्ही एकदा यावं, एवढंच मला हवंय. आग्रह नाही असं दर वेळी लिहिलं ते खोटं होतं.

आता ह्या पत्रात एकही चूक नाही, तपासून पाहा. आणि बातमी अशी आहे की तुम्ही खुर्चीतून उठाल.

इथे थंडी पडलीय. महाडातली नव्हे, खरी थंडी. सड्यावरचं गवत वाळून कुरकुरीत झालंय, ओठ फुटलेत, हवा अगदी कोरडी. मुंबईच्या धाकट्या दिरांनी सासऱ्यांना एक नायलॉनचा स्वेटर पाठवला. परवा पहाटे चुलीपाशी त्यांनी घोंगडीखालचा तो स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि तडतड तडतड ठिणग्या उडाल्या! अंधारात मी डोळ्यांनी पाहिल्या, निळ्या. सासरे ओरडले, "मेलो रे! ह्यो स्वेटर चावतो!" सासूबाई भांडं टाकून धावल्या. "कोनी काय केलंय का बघ गो," म्हणून मीठमोहऱ्या शोधू लागल्या. आणि मी, सून म्हणून घाबरायचं सोडून, टाळ्या वाजवत होते. आप्पा, इथे प्रभार टिकतो! नळाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घोंगडीवर घासला, कपट्यांजवळ नेला, तर कपटे उड्या मारून येऊन चिकटले. सासऱ्यांच्या मिशासुद्धा ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी आता स्वेटर बैलाच्या गव्हाणीवर टांगून ठेवलाय, बैल पण त्याच्याकडे संशयाने बघतो.

आपला धडा आषाढात येतो आणि कोरडी हवा पौषात. इतकी वर्षं तुम्ही पोर्शन पुढे गेला म्हणून मागे वळला नाहीत. मी वळणार आहे.

मैथिली

*

कुडपण, ५ जानेवारी १९९९

ती. आप्पा,

घाईत लिहितेय, ओंकार जीप चालू करून हॉर्न वाजवतोय. ठरलं! रविवारी बारावीचा सगळा वर्ग वर कुडपणला आणतेय. आमच्या खळ्यावर दिवसभर नुसते प्रयोग. प्राचार्यांना आधी पटेना, मग मी म्हटलं सर, आषाढात न झालेला धडा आहे, तो उरकून टाकते, तर म्हणाले उरका. कंगवे, फुगे, पाइप, घोंगड्या सगळं जमवलंय. शेजारच्या सोमाकाकांच्या घरातून तीन घोंगड्या आल्या. आणि शेवटी धमाल! सासूबाईंच्या काचेच्या तीन लोणच्याच्या बरण्या आहेत ना, पाच-पाच किलोच्या, त्या रिकाम्या करून घेतल्या (सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या, आता बोलतात). आतून-बाहेरून चांदीचा कागद लावला, झाकणातून तार आत सोडली, की बरणीत वीज साठते, तुम्हाला माहीतच आहे. तिन्ही बरण्या तारेने एकमेकींना जोडणार आणि पाइप घासून घासून गच्च भरणार. मग सगळ्यांनी हातात हात धरून गोल करायचा, पहिल्याने बरण्या धरायच्या, शेवटच्याने तार शिवायची. सगळे एकदम उडतील! काळजीचं काही नाही, वीज एवढ्या जणांत प्रसादासारखी वाटली जाईल, एकेकाच्या वाट्याला येऊन येऊन कितीशी येणार. सासरे पण गोलात येणार म्हणतात, त्यांना परवा डॉक्टरांनी छातीचा ठोका चुकतो म्हणून सांगितलंय पण ऐकायला नको. सगळं गाव बघायला येणार आहे. सासूबाई शंभर भाकऱ्या भाजणार आहेत! तुम्ही असता तर किती, असो, हॉर्न पुन्हा वाजला, पळते!

मैथिली

*

कुडपण, ११ जानेवारी १९९९

ती. आई,

आज पत्र तुला, कारण ज्यांना लिहायचं ते ओट्यावर बसून माझ्या सासऱ्यांशी वाद घालताहेत. तुझा गुडघा धड असता तर तूही काल इथे असतीस. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते. त्यांना सांगायला ठेवलं तर ते फक्त प्रयोगांविषयी सांगतील.

काल सकाळी ओंकार पोलादपूरच्या स्टँडवर मुलांना घ्यायला जीप लावून उभा होता. महाडची गाडी आली आणि तिच्यातून आप्पा उतरले, कोट घालून, छातीशी कापडी पिशवी धरून. पुढचं मला अंकिताने सांगितलं. "मॅडम, ओंकारदादा पुढं धावले. त्येंच्या हातातली किल्ली खाली पडली. मंग नुसतं म्हनले, 'सर, पुढं बसा.'" आप्पा बसले. एरवी ओंकार पोरांना गाणी म्हणायला लावत वर आणतो. काल जीप अशी हळू आणली की वाटेत एका बैलगाडीने मागे टाकलं म्हणे. घाटात एका वळणावर आप्पा म्हणाले, "सावकाश." ओंकार म्हणाला, "हो." जावई-सासऱ्यांचं पहिलं संभाषण एवढंच.

मी खळ्यावर तिसऱ्या बरणीला तार गुंडाळत होते. जीप थांबली. आप्पांना बघून मी हातातली तार तशीच टाकली. पुढे होऊन पायाला हात लावणार, तोच ते गरजले, "बरण्या कुठे आहेत?"

पावणेदोन वर्षांनंतरचे पहिले शब्द, आई. बरण्या कुठे आहेत!

"त्या तारा आधी काढ. वाटला जातो म्हणे! साखळीत उभ्या असलेल्या प्रत्येकातून तोच सगळा प्रभार जातो. पहिल्यातून जेवढा, तेवढाच शेवटच्यातून. प्रसाद आहे का तो? तीन बरण्या एकत्र जोडतेस, आणि गोलात छातीचा ठोका चुकणारा माणूस उभा करतेस?"

खरं होतं ते. आनंदाच्या भरात मला कुठे काही दिसलंच नव्हतं. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते नवं धोतर नेसून, मिशांना तेल लावून, उत्साहाने पहिल्या नंबरावर उभे होते. आई, मला रडूच आलं. सगळ्या वर्गासमोर. मुलांना मात्र मॅडम ओरडा खाताहेत ह्याचा इतका आनंद झाला होता की कोणाचं माझ्या डोळ्यांकडे लक्ष गेलं नाही.

तारा काढल्या. मग मी हळूच विचारलं, "आप्पा, ही पण मुद्दाम केली असेल असं नाही वाटलं?"

"नाही. मुद्दामच्या चुका तू वळणदार अक्षरात लिहितेस. हे पत्र उधळलं होतं. वाक्य कुठे सुरू होतंय, कुठे संपतंय, पत्ता नाही. लहानपणापासून तू फार खुशीत असलीस की असंच लिहितेस." आणि म्हणाले, "पत्र शनिवारी हातात पडलं. कार्ड टाकलं असतं तर ते मंगळवारी पोचलं असतं."

आई, म्हणजे माझी पत्रं तू वाचून दाखवत होतीस ते संपल्यावर ते स्वतः घेऊन वाचत होते. हे तुला माहीत असणारच. मला का नाही सांगितलंस? आणि मी इथे सुखात आहे, हे त्यांना माझ्या कुठल्याही शब्दाने पटलं नव्हतं. ते त्यांना त्या उधळलेल्या अक्षराने पटलं.

मग त्यांनी पिशवी उघडली. आत आपला विद्युतदर्शी, तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. पाटावर ठेवला, काच पुसली. मुलं भोवती गोळा झाली. आप्पांनी पाइप घोंगडीवर घासला. त्यांना घोंगडी नीट धरता येईना, तर सासऱ्यांनी पुढे होऊन दुसरं टोक ताणून धरलं. "घासा मास्तर, मी हाय." पाइपचं टोक वरच्या चकतीला लागलं आणि आतली दोन्ही पानं फाकली. नुसती फाकली नाहीत, तशीच राहिली. आप्पांनी पाइप खाली ठेवला. पानं उघडीच. ते वाट बघत बसले, आता मिटतील म्हणून. मुलंसुद्धा वाकून बघत होती. कोणीतरी कुजबुजलं तर सासरे म्हणाले, "गप रे."

"मैथिली," आप्पा म्हणाले, "मिटत नाही गं."

त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं फळ्यावर त्या फाकलेल्या पानांची आकृती काढली, शेकडो मुलांना काढायला लावली, आणि वर्गात ती त्यांना एकदाही दिसली नव्हती. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी तो कोटाच्या टोकाने पुसला. काच स्वच्छच होती.

त्यानंतर दिवस त्यांच्याच ताब्यात गेला. कंगवे, फुगे, उडणारे कपटे, सगळं त्यांनी मुलांकडून करून घेतलं. मुलं 'चार्ज' म्हणाली की 'प्रभार' म्हणायला लावलं. अंकिताने विचारलं, "सर, प्रभार दिसत नाय, मंग हाय कशावरून?" आप्पा म्हणाले, "वारा दिसतो का?" ती म्हणाली, "पन लागतो." "मग थांब जरा," आप्पा म्हणाले, "हाही लागेल."

कारण गोल करायचं रद्द झालं नव्हतं. मोठ्या बरण्या त्यांनी सासूबाईंना परत दिल्या. (सासूबाईंनी त्या अशा पोटाशी धरल्या की काय सांगू.) मुरांब्याची एक लहानशी बाटली घेतली, तिला चांदीचा कागद लावला, पाइपने अगदी थोडीच भरली आणि आधी स्वतःच्या बोटावर घेऊन पाहिली. चेहरा जरासा वाकडा झाला. "चालेल," म्हणाले. सासऱ्यांना मात्र त्यांनी हात धरून बाजूला बसवलं. "तुम्ही नाही."

सासरे ऐकतात थोडेच. "मास्तर, तुमी माज्या घरी आलात. तुमी झटका खानार न मी बघत बसू? ह्ये नाय व्हायचं." वाद झाला. चांगला रंगला. शेवटी तोडगा निघाला की सासऱ्यांनी गोलात उभं राहायचं, पण विजेची वाट त्यांच्यातून जाऊ द्यायची नाही. मी बाटली बाहेरून धरून पहिली उभी राहिले. माझा हात आप्पांच्या हातात, त्यांचा दुसरा अंकिताच्या, अशी सगळी मुलं, आणि शेवटी ओंकार, तार शिवायला. सासरे आप्पांच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या कोटाचं टोक त्यांनी दोन बोटांत धरलं. "कोटातून येत नाय ना?" आप्पा म्हणाले, "नाही येत." "मंग बरंय."

ओंकार तारेपाशी बोट नेऊन थबकला. आप्पांकडे बघून म्हणाला, "शिवू का?"

आप्पा म्हणाले, "शिवा जावईबापू."

आई, हा शब्द ऐकून ओंकारचं बोट हललंच नाही. मुलांनी ओरडून ओरडून त्याला भानावर आणलं, तेव्हा कुठे त्याने तार शिवली.

आणि सगळे उडालो! एकाच वेळी, एकाच उसळीत, एवढाले सगळे! किंकाळ्या, हसणं, कुणाच्या चपला निसटल्या, कुणी खळ्यावर बसकण मारली. बाटली माझ्या हातातून सुटली आणि नशिबाने गवतात पडली. काहीच न लागलेले सासरे सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "चावली रे चावली!" आणि सगळं गाव हसत सुटलं. पोरं पुन्हा करा, पुन्हा करा म्हणून नाचू लागली.

तुझ्यासाठी ओंकार बुधवारी जीप घेऊन महाडला येतोय. गुडघ्याला पट्टा बांध आणि निघ. आप्पांचे चार दिवसांचे कपडे आण, एका कोटावर किती दिवस काढतील? रोज संध्याकाळी ते इथल्या मुलांना धडा घेणार आहेत, आत्ताच जाहीर केलंय. मला विचारलंसुद्धा नाही.

एक सांगायचं राहिलं. झटका बसला की स्नायू आखडतात आणि धरलेला हात चटकन सुटत नाही, हे मी वर्गात शिकवते. पण ते क्षणभर. मुलांचे हात केव्हाच सुटले होते. सासूबाईंनी चहा आणला, मुलांना वाटला, गावाला वाटला. आप्पांच्या पुढ्यात ठेवलेला कप तसाच निवत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "घ्या की, गार होतोय." पण त्यांना चहा बशीत ओतूनच लागतो, त्याला दोन हात लागतात, आणि त्यांचा एक हात मोकळा नव्हता.

मैथिली